शॅल, विल आणि दवाखान्याचं पत्र

आमच्या वऱ्हाडी बोलण्यात 'मी येईन' आणि 'तो येईन' यांत फरक नसतो. मी येईन, पाऊस येईन, एस.टी. येईन, बाबा येईन. सगळं 'न'वरच संपतं. नववीच्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. सर पुण्याकडचे होते. बदली होऊन मोताळ्याला आलेले, कपाळाला कायम आठी. ते म्हणायचे, "तो येईन नाही, तो येईल. ज्यांना स्वतःच्या भाषेत मी आणि तो वेगळा करता येत नाही, त्यांना मी शॅल आणि विल काय शिकवणार?"

तरी त्यांनी शिकवलं. आय आणि वुई यांना शॅल, बाकी सगळ्यांना विल. फळ्यावर उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना शब्द लिहिले आणि पंधरा दिवस रोज म्हणून घेतले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. आमच्या वर्गात आम्ही सहा मुली होतो, भिंतीकडच्या दोन बाकांवर. पाठांतर मला लवकर जमायचं. एक दिवस सरांनी मला उभं केलं आणि एकामागून एक दहा वाक्यं भविष्यकाळात करायला सांगितली. मी दहाही बरोबर केली. सर म्हणाले, "बस. तुला भविष्यकाळ आला." त्या दिवशी शाळेपासून मळ्यापर्यंतचा रस्ता मी जवळजवळ पळतच गेले.

आम्ही माळी. गावाबाहेर विहिरीवरचा लहानसा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं लावायचं आणि आठवडी बाजारात नेऊन विकायचं. घरात बाबा, माय, मी आणि माझा मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणत असे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा एकट्या इंग्रजीत गेला. मग मलकापूरला एका जिनात कामाला लागला. कापसाच्या तीन हंगामांत तिथे राहिला. तिसऱ्या हंगामात घरी आला तेव्हा त्याला खोकला होता. माय म्हणाली, रुईचे तंतू गेले असतील नरड्यात, गूळ खा. दोन महिने गूळ खाऊन झाला. मग एका सकाळी विहिरीवर तोंड धुताना त्याने थुंकीत रक्त पाहिलं.

बुलढाण्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि क्षय सांगितला. रेल्वेने दिवसभर जावं लागेल अशा एका गावी क्षयरोग्यांचा दवाखाना होता. तिथे दादाला ठेवलं. घरी येऊन बाबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, "कोनी इचारलं तर पोरगा मुंबईले मिलमधी लागला म्हना." आम्ही तसंच सांगत राहिलो. शेजारणी मायला विचारायच्या, "पोराचं पत्र येते का?" माय म्हणायची, "येते ना. सुखात हाये."

दादाचं कार्ड यायचं ते मराठीत. पण तो गेल्यावर आठेक महिन्यांनी, माघ संपता संपता, लांब पाकिटातून टाइप केलेलं पत्र आलं. ते दवाखान्याचं होतं आणि इंग्रजीत होतं. पोस्टमनने ते मळ्यातच आणून दिलं. बाबा दांडातून, म्हणजे पाटातून, वाफ्यांना पाणी देत होते. त्यांनी हात धोतराला पुसले, पाकीट उलटंसुलटं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाच."

मी मेथीच्या वाफ्याच्या कडेला बसले. पत्र चारपाच ओळींचंच होतं. पहिल्या ओळीत दादाचं नाव आणि नंबर. मग लिहिलं होतं: नो फर्दर ट्रीटमेंट विल बी ऑफ एनी यूज. त्याच्या खाली: द पेशंट विल हॅव टु बी टेकन होम. आणि शेवटी, महिनाअखेरच्या आत येऊन जावे, अशा अर्थाचं काहीतरी.

दोन्ही वाक्यांत विल होतं. ते दिसलं आणि मला धीर आला. पेशंट मला माहीत होता, ट्रीटमेंट माहीत होती, होम तर पहिल्याच धड्यात होतं. नो फर्दर ट्रीटमेंट म्हणजे यापुढे औषधपाणी नाही. यूज म्हणजे उपयोग, वापर. म्हणजे यापुढे औषध वापरावं लागणार नाही. दुसऱ्या वाक्यातल्या 'हॅव टु'पाशी मी थोडी अडखळले. हॅव म्हणजे जवळ असणं, ते इथे कुठे बसेना. मग मी ते सोडून दिलं. पेशंट, विल, टेकन, होम. पेशंट घरी नेला जाईल.

"बाबा, दादा बरा झाला," मी म्हणाले. "आता औषध लागनार नाई म्हन्तेत. घरी घेऊन जा म्हन्तेत."

माय मिरचीच्या ओळीतून उठून आली. "येईन म्हन्ते तो?"

"येईन."

मायने पदर तोंडाला लावला. बाबा तिथेच खाली बसले. दांड फुटून पाणी दुसऱ्या वाफ्यात चाललं होतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने मायच म्हणाली, "एकडाव सरले दाखव ना ते. नीट वाचून सांगतीन."

"काऊन? मले येते ना," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर कारणं दोन होती. एक म्हणजे सरांनी मला भविष्यकाळ आला म्हटलं होतं आणि मला ते खोटं पाडायचं नव्हतं. दुसरं कारण पत्राच्या माथ्यावर छापलेलं होतं. दवाखान्याच्या नावातच क्षय होता. सरांनी ते पाहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी कोण बसलं असतं? मी पत्र घडी घालून पेटीत ठेवलं. मायने पुन्हा विषय काढला नाही. आईबापांना माझ्यावर विश्वास ठेवायचाच होता.

दुसऱ्याच दिवशी बाबा देऊळघाटला गेले. तिथल्या एका माळ्याच्या मुलीचं दादासाठी आधी बोलणं झालेलं होतं. दादा 'मुंबईला गेल्यामुळे' ते मागे पडलं होतं. आता मुलगा येतो आहे, असं सांगून बाबांनी सुपारी फोडली. अखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतरचा मुहूर्त धरायचा ठरला. बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना कधी नव्हे ते मोठ्याने हसताना पाहिलं.

आठ दिवसांनी बाबा आणि मी दादाला आणायला निघालो. तिथे कोणी इंग्रजीत बोललं तर, म्हणून मला सोबत घेतलं होतं. मोताळ्याहून एस.टी.ने मलकापूर, तिथून रेल्वे. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि मलकापूरच्या स्टेशनजवळ डॉक्टरसाठी पेढ्यांचा पुडा घेतला. तो पुडा त्यांनी प्रवासभर मांडीवर धरला होता. खाली ठेवला नाही.

डॉक्टर वयस्कर होते आणि मराठी चांगलं बोलत होते. बाबांनी पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"हे कशाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरगा बरा झाला ना साहेब. तुमची मेहरबानी."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हाला पत्र मिळालं ना?"

"हाव. मिळालं."

"कोणी वाचून दाखवलं?"

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. "वाचलं असंच गावातल्या कोनीतरी."

"मी वाचलं," मी म्हणाले.

माझ्या हातात पत्र होतंच. डॉक्टरांनी ते मागून घेतलं आणि टेबलावर पसरलं. ते रागावले नाहीत. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी मला अर्थ सांगितला, तो बाबांनाही ऐकू जाईल अशा बेताने. यापुढे कोणत्याही उपचाराचा काही उपयोग होणार नाही. रोग्याला घरी न्यावं लागेल. 'हॅव टु'वर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. "हे म्हणजे भाग पडणं," ते म्हणाले. "दुसरा इलाज नसतो तेव्हा असं म्हणतात." मग ते बाबांना सांगू लागले, दोन्ही फुफ्फुसं गेली आहेत, औषध लागू पडत नाही, इथे खाटा कमी आहेत आणि बाहेर रांग आहे.

बाबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"महिना. फार तर दोन."

निघताना बाबांनी पुडा उचलला नाही. डॉक्टरांनी तो पुढे सरकवला, तर बाबा म्हणाले, "राहू द्या. तिकडे कोनाले देऊ आता?"

दादा पडवीतल्या शेवटच्या खाटेवर बसला होता. त्याचे कान मोठे झाल्यासारखे वाटत होते, कारण चेहराच उरला नव्हता. मला पाहून तो हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि पूर्ण वेळ तोंड बाहेर करून राहिला. आमच्याकडे वळून श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. तसाच बाहेर पाहत त्याने विचारलं, "मायले काय सांगतलं?"

मी म्हणाले, "बरा झाला म्हून सांगतलं. म्या पत्र चुकीचं वाचलं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "अन् देऊळघाटचं? सुपारी तर नाई ना फोडली?"

बाबांनीच सांगितलं, की फोडली. दादाने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं.

मायला आम्हाला काही सांगावं लागलं नाही. तिने अंगण सारवलं होतं, उंबऱ्यावर हळदकुंकू होतं, शेजारच्या दोघी मुंबईहून आलेला मुलगा बघायला येऊन बसल्या होत्या. बाबा दादाला काखेत धरून चालवत आणत होते. मायने पाहिलं. हातातला भाकरतुकडा तिने त्याच्यावरून ओवाळला आणि दूर फेकला. मग बाबांना म्हणाली, "मळ्यातल्या झोपडीत बाज टाका. तिथी हवा चांगली हाये." शेजारणी उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

चौथ्या दिवशी देऊळघाटहून मुलीचे वडील आले. ते ओरडले नाहीत. चहाला नको म्हणाले आणि अंगणात उभ्याउभ्याच बोलले.

"तुमाले ठाऊक होतं?"

"नाई हो," बाबा म्हणाले. "दवाखान्याचं पत्र आलतं. पोरीनं वाचलं. तिच्या वाचन्यात चूक झाली. आमाले वाटलं, बरा झाला."

"ते पत्राचं जाऊ द्या. पोराले क्षय हाये, हे ठाऊक होतं का नाई? का मुंबईची मिल बी पोरीनंच वाचली?"

बाबांनी मान खाली घातली. ते गृहस्थ निघून गेले. त्या पावसाळ्याच्या आधीच त्यांनी मुलगी दोन लेकरांच्या बापाला, एका बिजवराला, दिली. मोडलेल्या सुपारीची मुलगी आणि तीही क्षयरोग्याशी जोडलेली, तिला दुसरं कोणी मागायला आलं नाही, असं पुढे कानावर आलं. मी तिला कधी पाहिलं नाही. तिचं लग्न माझ्या वाचण्यामुळे असं झालं की बाबांच्या खोटं बोलण्यामुळे, याचा मी खूप वर्षं विचार केला. थोडं हे, थोडं ते, यापलीकडे मला जाता आलं नाही.

शाळेत बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. मुली फक्त सरकल्या. सर त्या दिवसांत पूर्ण भविष्यकाळ शिकवत होते. पुढच्या एखाद्या वेळेपर्यंत एखादी गोष्ट होऊन गेलेली असेल, असं म्हणायचं असेल तर शॅल हॅव, विल हॅव.

सकाळची शाळा सुटली की मी दादाची भाकरी घेऊन मळ्यात जायची. ताटली झोपडीच्या दाराशी ठेवायची आणि दहा पावलांवर निंबाखाली बसायचं, हा मायने घालून दिलेला नियम होता. तो जेवताना मी अभ्यास करायची. वार्षिक परीक्षा जवळ आली होती.

एके दुपारी त्याने विचारलं, "काय वाचून राह्यली?"

"टेन्स."

"कोन्ता?"

"फ्यूचर परफेक्ट."

"हा आमाले होता," तो म्हणाला. "यातच गेलो मी." मग म्हणाला, "सांग ना, कसा असते."

मी पुस्तकातलं उदाहरण वाचून दाखवलं. गाडी सुटलेली असेल, असं काहीतरी होतं. त्याने ते दोनतीनदा पुटपुटलं. त्याला धाप लागायची, म्हणून तो एकेक शब्द सुटा करून म्हणायचा. मग बाजेवर थोडा उठून बसला आणि म्हणाला, "आता मी करतो. पाह्य बरोबर हाये का. व्हेन यू सिट फॉर युवर एक्झाम, आय शॅल हॅव गॉन."

वाक्य बरोबर होतं. एकही चूक नव्हती. तुझी परीक्षा येईल तेव्हा मी गेलेलो असेन.

"असं वाक्य नको करू," मी म्हणाले.

"काऊन? चुकलं का?"

"नाई चुकलं."

"मंग? मास्तरनं मार्क देल्ले असते का नाई?"

मी रडायला लागले, तसा तो चिडला. "रडू नको वं. तू रडली का माय तिकून पाह्यते." मग जरा वेळाने, आवाज उतरवून, "तू पत्र वाचलं त्याचं मले काई नाई वाटत. मी बी तसंच वाचलं असतं. मले तर शॅल बी येत नव्हतं." हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे तेव्हाही मला कळत होतं. त्याने आत्ताच केलेलं वाक्य मला करता आलं नसतं.

त्यानंतर त्याने अभ्यासाचं विचारलं नाही. जेवणही कमी झालं. ताटली मी ठेवायची तशीच परत न्यायची आणि वाटेत कुत्र्याला घालायची, म्हणजे मायला रिकामी दिसे. परीक्षेला आठ दिवस राहिले असताना, भर दुपारी, माय वाफ्यातून मिरच्या तोडत होती आणि बाबा विहिरीवर होते, तेव्हा तो गेला. मी भाकरी घेऊन आले तेव्हा तो कुशीवर, भिंतीकडे तोंड करून होता. मला वाटलं झोपला आहे. मी ताटली ठेवली, निंबाखाली जाऊन बसले आणि इतिहासाचं पुस्तक उघडलं. किती वेळ तशी बसले होते ते मला सांगता येत नाही. माय ओटीत मिरच्या घेऊन आली, झोपडीच्या दारात थांबली आणि दहा पावलांचा नियम मोडून सरळ आत गेली.

खांद्याला चार माणसं लागतात. भावकीतले दोघेच आले. तिसरे बाबा होते. चौथ्या जागी आमचे इंग्रजीचे सर येऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मसणवट्यापर्यंत त्यांनी खांदा दिला आणि कोणाशी न बोलता गेले.

मी परीक्षा दिली. इंग्रजीच्या पेपरात भविष्यकाळाचं एक वाक्य होतं, ते मी केलं. निकाल लागला त्या दिवशी मी दवाखान्याचं पत्र घेऊन सरांच्या खोलीवर गेले. का गेले, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. बहुधा त्यांनी मला छडी मारावी, असं वाटत असेल. सरांनी पत्र उजेडाला धरून वाचलं. मी काय अर्थ लावला होता ते विचारलं. मी सांगितला.

त्यांनी पत्र घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाले, "हॅव टु मी शिकवलंच नव्हतं. ते दहावीच्या पुस्तकात आहे."

"मग मले कसं आलं असतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"नसतंच आलं," सर म्हणाले. "पण तू माझ्याकडे यायला हवं होतंस."

मी पत्र घेऊन घरी आले.

बाबांनी मला शाळेतून काढलं नाही. कधी हात उचलला नाही, कधी त्या पत्राचा उल्लेखही केला नाही. मात्र त्यानंतर घरी आलेला कोणताही कागद त्यांनी मला वाचायला दिला नाही. तलाठ्याची नोटीस असो, मामाचं मराठी कार्ड असो, ते खिशात घालायचे आणि बाजारात नेऊन कोणाकडून तरी वाचून घ्यायचे. मी समोर बसलेली असे, मॅट्रिकचा अभ्यास करत, आणि ते माझ्या अंगावरून कागद घेऊन जात.

मॅट्रिक झाल्यावर मी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं ते मराठीतच होतं आणि पाकिटावर माझं नाव होतं. मी मळ्यात होते. बाबांनी ते पोस्टमनकडून घेतलं, डोक्याला रुमाल बांधला आणि भर उन्हात गावात गेले. दोन तासांनी आले. पत्र माझ्यासमोर खाटेवर ठेवलं.

"तुहा नंबर लागला म्हन्तेत," ते म्हणाले. मग धोतराने मान पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोघाइले इचारलं. दोघंइ तेच म्हन्तेत."